चार चौकोन हिरवे, तरी डाव बुडतो

वर्डल या खेळात एक पाचअक्षरी इंग्रजी शब्द सहा प्रयत्नांत ओळखायचा असतो. प्रत्येक प्रयत्नानंतर अक्षर जागच्या जागी असेल तर चौकोन हिरवा होतो, शब्दात पण दुसऱ्या जागी असेल तर पिवळा, नसेलच तर राखाडी. खेळताना आय-जी-एच-टी ही शेवटची चार अक्षरं हिरवी झाली, की बहुतेक जण अशा पाचअक्षरी इंग्रजी शब्दांची यादी शोधायला लागतात. ती मिळतेही: एट (आठ), फाइट (लढणे), लाइट (उजेड), माइट (सामर्थ्य), नाइट (रात्र), राइट (बरोबर, लिहिण्याचा 'राइट' वेगळा), साइट (दृष्टी, जागा या अर्थाचा नव्हे) आणि टाइट (घट्ट). यातला मुका 'जीएच' एके काळी घशातून उच्चारला जायचा. जर्मन 'नाख्ट' आणि 'आख्ट'मध्ये तो अजून ऐकू येतो. आपल्याकडचे 'नक्त' आणि 'अष्ट' हे त्यांचेच भाऊबंद.

यादी हाती आली की एकेक शब्द टाकून बघणं सुरू होतं. इथेच घोटाळा होतो. सहापैकी दोन प्रयत्न संपलेत आणि वरचे आठही शब्द शक्य आहेत असं धरू. उरलेल्या चार प्रयत्नांत चारच शब्द तपासून होतात, म्हणजे हरण्याची शक्यता सरळ निम्मी.

त्याऐवजी तिसऱ्या प्रयत्नाला 'टर्म्स' (अटी) टाका: टी-ई-आर-एम-एस. हा शब्द उत्तर असूच शकत नाही, आणि तरीही तोच टाकायचा. ई पिवळा झाला तर एट, आर पिवळा तर राइट, एम तर माइट, एस तर साइट. टी सगळ्याच शब्दांच्या शेवटी आहे, त्यामुळे तो पिवळा असणारच. पण पहिल्या घरात हिरवा झाला तर उत्तर टाइट. नुसता टी पिवळा आणि बाकी सगळं राखाडी असेल, तर फाइट, लाइट, नाइट हे तीनच उरतात. मग 'फ्लिंग' (भिरकावणे) टाकायचा. एफ हिरवा, एल पिवळा की एन पिवळा, यावरून तिघांचा निकाल लागतो. आठांपैकी कोणताही शब्द असो, पाचव्या प्रयत्नापर्यंत तो सापडतोच.

हे का जमतं, याचं गणित माहिती सिद्धांताचे जनक क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्येच मांडून ठेवलंय. एका प्रश्नाने शक्यता निम्म्या झाल्या, तर मिळालेली माहिती एक बिट. आठांतून एक शोधायला तीन बिट लागतात, कारण २ × २ × २ = ८. आता 'फाइट' टाकून बघू. तो बरोबर निघण्याची शक्यता १/८, तेव्हा तीन बिट मिळतात. पण ७/८ वेळा आठाचे फक्त सात होतात आणि पदरात पडतात जेमतेम ०.१९ बिट. सरासरी: (१/८ × ३) + (७/८ × ०.१९) = ०.५४ बिट. 'टर्म्स'ला पाच निकाल एकेका शब्दाचे आणि सहावा तीन शब्दांचा: (५/८ × ३) + (३/८ × १.४२) = २.४१ बिट. जवळपास साडेचार पट! या सरासरीलाच एन्ट्रॉपी म्हणतात.

जॉश वॉर्डल यांनी २०२१ मध्ये खुल्या केलेल्या मूळ खेळात उत्तरांचे शब्द २,३१५ होते, म्हणजे ११.१८ बिट. पाच चौकोन, प्रत्येकी तीन रंग, म्हणून ३^५ = २४३ रंगसंगती. त्यातल्या पाच अशक्य आहेत: चार अक्षरं जागच्या जागी असतील, तर पाचवं 'आहे पण चुकीच्या जागी' असू शकत नाही. २३८ निकाल अगदी समसमान वाटले गेले, तरी एका शब्दातून ७.८९ बिटांच्या वर मिळणार नाहीत. प्रत्यक्षात 'सोअर' (एस-ओ-ए-आर-ई, कोवळा ससाणा) ५.८९ पर्यंत पोचतो. संपूर्ण डाव संगणकाने शेवटपर्यंत मोजला, तर मात्र 'सॅलेट' (एस-ए-एल-ई-टी, मध्ययुगीन शिरस्त्राण) सरस ठरतो. त्याने सुरुवात केली तर सरासरी ३.४२ प्रयत्न पुरतात.

'स्वर आधी उरकून घ्या' म्हणून 'अड्यू' (ए-डी-आय-ई-यू, निरोप) टाकणाऱ्यांनी हे आकडे बघावेत. मूळ यादीत यू ४६७ वेळा येतो, तर आर ८९९ वेळा आणि टी ७२९ वेळा. स्वर कळले तरी शब्दाचा सांगाडा व्यंजनांवरच ठरतो. आणि रोजचा 'लकी' पहिला शब्द? तो लागला तेवढाच लक्षात राहतो; न लागलेले दिवस कोण मोजतं?

आणखी एक खड्डा दुहेरी अक्षरांचा. उत्तर 'अबाइड' (ए-बी-आय-डी-ई, पाळणे) असताना 'स्पीड' (वेग) टाकला, तर पहिला ई पिवळा होतो आणि दुसरा राखाडी. राखाडी म्हणजे 'ई नाहीच' असं नव्हे. 'एकापेक्षा जास्त नाही' एवढंच. रंग देताना खेळ आधी हिरवे वाटतो, मग उरलेल्या अक्षरांपुरते पिवळे, डावीकडून.

हार्ड मोडमध्ये, म्हणजे खेळाच्या अवघड प्रकारात, 'टर्म्स' चालतच नाही, कारण हिरवी अक्षरं पुन्हा वापरावीच लागतात. तिथे चूक एक चाल आधीच झालेली असते. आय आणि टी एवढेच हाती असताना 'लाइट' टाकायची घाई केली, तर उरलेले सात शब्द एकेक करून मोजत बसावं लागतं.