उसातला चिकटा आणि त्यातून निघणारी प्रीबायोटिक साखर

२०२१-२२च्या हंगामात मराठवाड्यात ऊस इतका झाला की मे महिना आला तरी फडच्या फड उभेच होते. तोड मिळेना, म्हणून कुणी फड पेटवून ऊस तोडून घेतला. अशा जळीत उसाला कारखाना भाव कापतो. शेतकऱ्याला ते लागतं, आणि लागणारच. पण कारखान्याची अडचणही खरी आहे. जळालेल्या किंवा तोडून पडून राहिलेल्या उसात ल्युकोनोस्टॉक हा जिवाणू शिरतो. तो साखरेतला ग्लुकोज जोडत जाऊन डेक्स्ट्रानच्या लांब साखळ्या करतो आणि फ्रुक्टोज मोकळं सोडतो. रस चिकट होतो, गाळणी तुंबते, साखरेचा दाणा लांबट पडतो आणि उतारा घसरतो.

हा चिकटा युरोपला आधी दारूत आणि बीटच्या रसात भेटला. तो सूक्ष्मजीवांमुळे होतो, हे पाश्चरने १८६१ मध्ये दाखवलं. शायब्लरने १८७४ मध्ये त्याला डेक्स्ट्रान हे नाव दिलं आणि व्हान टीगेमने १८७८ मध्ये जिवाणूचं नामकरण केलं. पुढची सात दशकं साखर उद्योगाला त्याचा त्रासच माहीत होता. १९४०च्या दशकात स्वीडनमध्ये ग्रॉनवाल आणि इंगेलमन यांनी या साखळ्या आम्लाने तोडून मध्यम लांबीच्या केल्या. रक्तस्राव झालेल्या रुग्णाला सलाईनमधून द्यायचं डेक्स्ट्रान त्यातून आलं. तोडण्याची लांबी बदलली की पदार्थाचं काम बदलतं, हा मला या इतिहासातला सर्वांत मोलाचा धडा वाटतो.

आम्लाऐवजी बुरशीपासून मिळणारं डेक्स्ट्रानेज हे विकर वापरलं, तर तोड नेमकी होते. रस पातळ करण्यासाठी साखर कारखाने ते वापरतातच. तोड पुढे चालू ठेवली की आयसोमाल्टोजसारख्या छोट्या साखळ्या उरतात. १९९५ मध्ये गिब्सन आणि रॉबरफ्रॉइड यांनी प्रीबायोटिकची, म्हणजे आपण न पचवलेलं पण आतड्यातल्या उपयोगी जिवाणूंना पोसणारं अन्न, ही कल्पना मांडली आणि या तुकड्यांकडे नव्याने पाहिलं जाऊ लागलं. मोठ्या आतड्यातले बिफिडोबॅक्टेरिया हे उपयोगी जिवाणू त्यांवर वाढतात. मात्र फार लहान तुकडे लहान आतड्यातच बरेचसे पचून जातात, म्हणून तोड कुठे थांबवायची हे महत्त्वाचं.

अशी प्रीबायोटिक साखर बनवायला शिळ्या उसाचा रस कामाचा नाही. त्यासाठी शुद्ध जिवाणू, स्वच्छ साखरेचं द्रावण आणि निर्जंतुक टाकी लागते. आसवनी चालवणाऱ्या आपल्या कारखान्यांना टाकीत आंबवण्याची सवय आहे. प्रयोग आधी तिथेच व्हायला हवा.