छेद काढताना शिरणारी खोटी उकल

छेदात चल असलेले समीकरण दिसले की हात थेट लसाविकडे जातो. त्याआधी एक ओळ लिहावी: क्षच्या कोणत्या किमतीला छेद शून्य होतो? ही ओळ बहुतेक जण गाळतात आणि पुढे फसतात.

हे समीकरण घ्या:

क्ष/(क्ष − २) + १/(क्ष + २) = ८/(क्ष² − ४)

क्ष² − ४ चे अवयव (क्ष − २)(क्ष + २), म्हणून हाच तिन्ही छेदांचा लसावि. क्ष २ किंवा −२ असूच शकत नाही, हे बाजूला लिहून ठेवा. आता प्रत्येक पदाला लसाविने गुणा:

क्ष(क्ष + २) + (क्ष − २) = ८

कंस सोडवून क्ष² + ३क्ष − १० = ०, म्हणजेच (क्ष + ५)(क्ष − २) = ०. उत्तरे दोन: −५ आणि २. पण २ आधीच बाद झालेली आहे. −५ ठेवली तर डावीकडे ५/७ − १/३ = ८/२१ आणि उजवीकडेही ८/२१. खरी उकल हीच.

मग २ आली कुठून? शून्याने गुणले की कोणत्याही दोन संख्या सारख्या होतात. ५ आणि ९ सुद्धा. क्ष = २ असताना आपला लसावि शून्यच असतो. गुणाकारानंतरचे समीकरण त्या किमतीला खरे ठरते, मूळ समीकरणाला मात्र तिथे अर्थच नसतो. आकडेमोड अगदी बिनचूक असली तरी ही किंमत येणारच.

चिन्हाची चूक याहून जास्त वेळा होते. ३/२ − (क्ष − ४)/६ = १ याला ६ ने गुणल्यावर ९ − (क्ष − ४) = ६ येते. अपूर्णांकाची आडवी रेघ कंसाचेही काम करते. रेघ गेली की कंस आपण घालायचा, नाहीतर ९ − क्ष − ४ लिहिले जाते आणि ७ ऐवजी −१ उत्तर येते. उजवीकडच्या सुट्या १ लाही ६ ने गुणायचे असते, तो छेदाविना दिसतो म्हणून राहून जातो.

आणखी एक गल्लत: नुसती बेरीज करायला सांगितली असेल, तर छेद काढून टाकता येत नाही. दोन्ही बाजूंना गुणण्याची मुभा बरोबरच्या चिन्हामुळे मिळते.

ताळा नेहमी मूळ समीकरणात करावा. वरच्या उदाहरणात छेद काढल्यानंतरच्या ओळीत क्ष = २ ठेवून पाहा: २ × ४ + ० = ८. ताळा चोख जुळतो, आणि उत्तर तरीही चुकीचे असते.