सरासरी दर आणि मधला क्षण

क्ष² ची किंमत क्ष १ असताना १, ५ असताना २५. फरक २४, भागिले ४, म्हणून बदलाचा सरासरी दर ६. पुढे विकलन (डिफरन्सिएशन) शिकल्यावर कळतं, की बरोबर मध्यावर, क्ष ३ असताना, तात्कालिक दर, म्हणजे नेमका त्या ठिकाणचा बदलाचा दर, हाही ६ च असतो. कुठल्याही द्विघाती फलाला हे लागू पडतं. क्ष³ ला नाही: ० ते २ मधला सरासरी दर ४, मध्यावरचा दर मात्र ३.

वर्गाची ही खोड गतीच्या रूपात विकलनाच्या शोधाआधी तीनशे वर्षं माहीत होती. १३३५ च्या सुमारास ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजातल्या विल्यम हेट्सबरीने मांडलं, की एकसारखा वेग वाढवत जाणारी वस्तू जेवढं अंतर कापते, तेवढंच, तेवढ्याच वेळात, मधल्या क्षणाच्या वेगाने एकसारखी चालत राहिलेली वस्तूही कापते. स्थिर अवस्थेतून निघाल्यास वेळेच्या दुसऱ्या निम्म्यात पहिल्याच्या तिप्पट अंतर, हेही त्याला ठाऊक होतं. गंमत म्हणजे या मंडळींनी एकही दगड खाली टाकून पाहिला नव्हता. सगळा खेळ तर्कातला. पॅरिसच्या निकोल ओरेमने त्याच शतकात त्याचं चित्र काढलं: वेळ आडवी, वेग उभा, क्षेत्रफळ म्हणजे अंतर, आणि तयार झालेला त्रिकोण निम्म्या उंचीच्या आयताएवढाच. माझ्या मते आजही वर्गात शिकवायला याहून सोपी सिद्धता नाही.

गॅलिलिओ आधी चुकला. १६०४ मध्ये तो वेग अंतराच्या प्रमाणात वाढतो असं धरून चालला होता. पुढे त्याने वेग वेळेच्या प्रमाणात वाढतो असं धरलं, उतरत्या फळीवरून गोळे सोडले, आणि १६३८ मध्ये लायडनला छापलेल्या ग्रंथात याच मध्यवेगाच्या नियमापासून सुरुवात करून तो लागोपाठच्या समान वेळांत कापलेल्या अंतरांच्या १, ३, ५, ७ या प्रमाणापर्यंत पोहोचला. हे दुसरंतिसरं काही नाही, वेळेच्या वर्गाचे एकेका एककातले सरासरी दर आहेत.

मान ऑक्सफर्डचा, असं इतिहासकार धरून होते. २०१६ मध्ये विज्ञानाचे इतिहासकार मॅथ्यू ओसेनड्रायव्हर यांनी ब्रिटिश म्युझियममधल्या बॅबिलोनी मातीच्या पाट्या वाचल्या. त्यांत हाच मध्यवेगाचा हिशोब निघाला. काळ इसवी सनापूर्वी ३५० ते ५०. गुरू ग्रहाची दिवसाची चाल ६० दिवसांत १२ कलांवरून ९ कला ३० विकलांवर उतरते (६० विकला म्हणजे एक कला, ६० कला म्हणजे एक अंश). दोन्हींची सरासरी १० कला ४५ विकला, गुणिले ६०, म्हणजे गुरू १० अंश ४५ कला सरकला. सिद्धता पाटीवर नाही, नुसती रीत आहे.