हिपॅटायटिस बी-सी च्या पेशंटमधला एच. पायलोरी

हिपॅटायटिस बी किंवा सी हा लिव्हरचा व्हायरस वर्षानुवर्षं अंगात आहे आणि त्यातच जठरात हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू पण आहे, अशी ही दुहेरी अवस्था. एकामुळे दुसरा होतो असं नाही. व्हायरस रक्तावाटे येतो (बी तर बाळंतपणात आईकडूनही), जंतू बहुतेक वेळा लहानपणीच तोंडावाटे पोटात जातो आणि जगातल्या साधारण निम्म्या लोकांच्या पोटात तो असतोच, मग लिव्हरच्या पेशंटमध्ये पण सापडणारच. ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी १९८२ मध्ये हा जंतू लॅबमध्ये वाढवला, मार्शलने १९८४ मध्ये तो स्वतः पिऊन बघितला आणि खरंच पोट बिघडलं. २००५ चं नोबेल दोघांना मिळालं.

खरी काळजी सिरॉसिस झाला की सुरू होते. लिव्हर कडक होतं, रक्ताला वाट मिळत नाही, अन्ननलिकेतल्या आणि जठरातल्या शिरा फुगतात, जठराचं अस्तर आधीच नाजूक झालेलं असतं आणि त्यावर जंतूचा अल्सर झाला तर रक्त थांबणं अवघड, कारण रक्त गोठवणारे घटक पण लिव्हरच बनवतं. हा जंतू युरियापासून अमोनिया बनवतो, त्याच्या आडोशानेच तो अ‍ॅसिडमध्ये टिकतो, म्हणून सिरॉसिसमध्ये अमोनियासारखी घाण रक्तात साठून जी गुंगी येते तिला तो हातभार लावतो का यावर बराच अभ्यास झाला, पण निष्कर्ष उलटसुलट आलेत, त्यामुळे गुंगीचं खापर त्याच्यावर फोडू नये.

आपल्याकडे पोटात जळजळलं की "पित्त झालंय" म्हणून मेडिकलमधून अ‍ॅसिडिटीची गोळी आणायची सवय आहे, लिव्हरच्या पेशंटने तरी हे अजिबात करू नये. एक तर पॅन्टोप्राझोलसारखी गोळी चालू असेल तर या जंतूची श्वासाची किंवा शौचाची टेस्ट खोटी निगेटिव्ह येऊ शकते, ती दोन आठवडे आणि अँटिबायोटिक चार आठवडे बंद हवं, अर्थात डॉक्टरांना विचारूनच. दुसरं, सिरॉसिसमध्ये या गोळ्यांनी पोटात साठलेल्या पाण्यात इन्फेक्शन व्हायचा धोका वाढतो. तिसरं म्हणजे हिपॅटायटिस सी साठी सिरॉसिसवाल्यांना सरकारी कार्यक्रमात जे सोफोसबुवीर-वेल्पाटासवीर हे औषध मिळतं, त्यातलं वेल्पाटासवीर अ‍ॅसिड कमी असलं की नीट शोषलंच जात नाही. जंतू मारायच्या १४ दिवसांच्या कोर्समध्ये ही अ‍ॅसिडिटीची गोळी असतेच, त्यामुळे दोन्ही उपचार शक्यतो एकाच वेळी करत नाहीत, आधी काय आणि नंतर काय हे लिव्हरच्या डॉक्टरांनी ठरवायचं. कोर्समधली क्लॅरिथ्रोमायसिन, मेट्रोनिडाझोल ही अँटिबायोटिक पण डॉक्टरांनीच ठरवायची, आपल्या देशात बरेच जंतू त्यांना दाद देत नाहीत आणि लिव्हर फारच खराब असेल तर मेट्रोनिडाझोलचा डोस कमी करावा लागतो.

कोर्समध्ये बिस्मथ हे औषध असेल तर संडास काळी होते, ते चालतं. पण डांबरासारखी चिकट, घाण वासाची काळी संडास, सोबत चक्कर किंवा रक्ताची उलटी, असं झालं तर ते बिस्मथचं समजून घरी बसायचं नाही, त्याच रात्री हॉस्पिटल गाठायचं आणि हिपॅटायटिस आहे हे दारातच सांगायचं.