संगीत नाटक पडद्यावर (ग्रामीण विदर्भ)

रंगमंचावर गाजलेल्या संगीत नाटकाचा चित्रपट निघाल्यावर तो टॉकीजमध्ये जाऊन पाहणे, हा या नोंदीचा विषय. विदर्भाच्या खेड्यांपुरता तो वेगळा धरावा लागतो. पूर्वेच्या झाडीपट्टीत नाटक अजूनही गावात चालून येते. पश्चिमेच्या वऱ्हाडात मात्र संगीत नाटक म्हणजे बहुधा रेडिओवर आणि कॅसेटवर ऐकलेली पदे.

या प्रकाराचे ठळक उदाहरण ‘कट्यार काळजात घुसली’, आणि त्याची मुळे विदर्भातच आहेत. नाटककार पुरुषोत्तम दारव्हेकर नागपूरचे. तिथली ‘रंजन कला मंदिर’ ही संस्था त्यांची. या नाटकातल्या खाँसाहेब या गवयाची भूमिका गाजवणारे वसंतराव देशपांडे १९२० साली अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापुरात जन्मले. दारव्हेकरांच्या आडनावातले दारव्हा आणि वसंतरावांचे मूर्तिजापूर ही दोन्ही गावे ‘शकुंतला’ या एकाच छोट्या रेल्वेच्या मार्गावरची. किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात ज्या नाटकाने संगीत रंगभूमी उभी केली, तेही ‘शाकुंतल’च. निव्वळ योगायोग, पण सांगितल्यावाचून राहवत नाही.

नाटक १९६७ साली रंगमंचावर आले. संगीत जितेंद्र अभिषेकींचे. सुबोध भावे यांनी दिग्दर्शित केलेला चित्रपट १२ नोव्हेंबर २०१५ रोजी, दिवाळीच्या पाडव्याला आला. कापूस घरात येऊ लागलेला, धान कापणीला आलेले, हाती थोडा पैसा. विदर्भात तमाशे-नाटके-सिनेमांचे दिवस हेच. मधल्या ४८ वर्षांत पदे घरोघर पोचली होती. ‘घेई छंद मकरंद’ हे पद संथ आणि द्रुत अशा दोन चालींत येते आणि दोन घराण्यांचे भांडण त्यातून उभे राहते, हे नाटक न पाहिलेल्यालाही कानाने कळत होते.

पडद्यावर बदल बरेच झाले. नाटकात थोडकेच दिसणारे पंडित भानुशंकर, म्हणजे खाँसाहेबांचे प्रतिस्पर्धी गवई, चित्रपटात मोठे झाले, त्यांची आणि खाँसाहेबांची मैत्री आधी रंगवली गेली. शंकर-एहसान-लॉय यांनी जुन्या पदांच्या जोडीला नवी गाणी दिली; त्यांतल्या ‘अरुणि किरणी’साठी महेश काळे यांना पार्श्वगायनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. खरा फरक मात्र गळ्याचा आहे. रंगमंचावर जो खाँसाहेब तोच गायक. पडद्यावर चेहरा सचिन पिळगावकरांचा आणि आवाज वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे यांचा. शहरी प्रेक्षकाला ही फारकत हिंदी सिनेमाने केव्हाच अंगवळणी पाडली आहे. पण समोर बसून मंचावरच्या नटाला गाताना पाहिलेल्या माणसाला ती खटकते, आणि मला वाटते ती खटकावीच.

झाडीपट्टी म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली हे जिल्हे. वडसा (देसाईगंज) हे इथल्या नाटक मंडळ्यांचे केंद्र. दिवाळीनंतर मंडईपासून, म्हणजे गावच्या जत्रेपासून, हंगाम सुरू होतो. दिवसा शंकरपट (बैलांच्या शर्यती), रात्री नाटक. पद आवडले की ‘वन्समोअर’ येतो आणि नट ते पुन्हा म्हणतो, कधी पहिल्यापेक्षा लांबवून. पडद्याला वन्समोअर देऊन उपयोग नसतो, तरी सवयीने तोंडून निघतो. उलट गाण्यात बंद डोळ्यांची कड किंवा तानेत ताणलेली मानेची शीर मागच्या रांगेतल्याला नाटकात कधीच दिसत नाही. ती पडदा दाखवतो.

याच दिग्दर्शकाचा ‘संगीत मानापमान’ १० जानेवारी २०२५ रोजी आला. खाडिलकरांचे मूळ नाटक १९११ चे, त्याची पदे गोविंदराव टेंबे यांच्या चालींची. ‘कट्यार’चे थेट विदर्भाशी जसे नाते, तसे याचे नाही.

आणखी एक फरक घड्याळाचा. झाडीपट्टीतले नाटक रात्री दहाच्या सुमारास सुरू होऊन पहाटेपर्यंत चालते. ते संपते तेव्हा वाट दिसू लागलेली असते आणि प्रेक्षक पायी, सायकलीवर घरी निघतो. तालुक्याच्या टॉकीजमधला शेवटचा खेळ संपतो मध्यरात्री. तेव्हा गावाकडे जाणारी एसटी केव्हाच गेलेली असते. म्हणून खेड्यातला माणूस सिनेमाला जातो तो दुपारच्या खेळाला, बाजाराच्या दिवशी, पिशवी मांडीवर घेऊन.