डोळ्यासमोर काळे ठिपके: जेल सुटलंय की पडदा?

पन्नाशी-साठीत एके दिवशी डोळ्यासमोर काळा धागा तरंगायला लागतो. डास समजून हात मारावा, तर नजर जाईल तिकडे तोही जातो. रात्री दिवा मालवला की डोळ्याच्या कडेला वीज चमकते. यामागे दोन वेगळी कारणं असू शकतात.

पहिलं वयाचं. डोळ्याच्या पोकळीत साधारण 4 मिलिलिटर पारदर्शक जेल असतं, बहुतेक पाणीच. वयाबरोबर ते आक्रसतं आणि मागच्या पडद्यापासून सुटतं. सुटताना पडद्याला ओढ बसते, ती मेंदूला प्रकाश म्हणून कळते. यावर औषध नाही, सहसा लागतही नाही. काही आठवड्यांत चमक कमी होते, ठिपक्यांची सवय होते.

दुसरं कारण पडदा सुटण्याचं, आणि त्याची वाट बऱ्याचदा पहिल्यातूनच जाते. जेल एखाद्या जागी घट्ट चिकटलेलं असलं तर पडदाच फाटतो. त्या छिद्रातून पाणी मागे शिरतं आणि ओल धरलेल्या भिंतीचा पोपडा निघावा तसा पडदा सुटत जातो. मोठा मायनस नंबर, मोतीबिंदूचं ऑपरेशन किंवा डोळ्याला लागलेला मार असेल तर धोका जास्त. दुखत काहीच नाही, म्हणून लोक ‘बघू दिवाळीनंतर’ म्हणतात. मग कडेने सावली सरकू लागते. ती खालून आली तर पडदा वरून सुटलेला असतो, कारण आत प्रतिमा उलटी पडते.

सावली दिसली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. पण सावली नाही म्हणून छिद्र नाही, असं घरबसल्या ठरवता येत नाही. बाहुली मोठी करणारे थेंब घालूनच ते कळतं. चष्म्याच्या दुकानातल्या नंबर तपासणीत नाही.

छिद्र असतानाच सापडलं तर लेझरवर भागतं, भरती व्हावं लागत नाही. पडदा सुटला की ऑपरेशन. आत गॅस भरला तर कित्येकदा दिवसचे दिवस मान खाली घालून राहायचं, गॅस विरेपर्यंत विमान बंद, आणि महाबळेश्वरला जायचं तरी आधी डॉक्टरांना विचारायचं, कारण उंचीवर गॅस फुगतो. एवढं करूनही, पडद्याचा मधला भाग आधीच सुटला असेल तर नजर पूर्वीसारखी होईलच असं नाही.

पहिल्या तपासणीत नुसतं जेलच सुटलेलं निघालं, तरी बरेच डॉक्टर महिना-दीड महिन्याने पुन्हा बोलावतात. छिद्र कधी कधी मागाहून पडतं.