केसगळती

केसगळती म्हणजे डोक्यावरचे केस नेहमीपेक्षा जास्त गळणे, विरळ होत जाणे किंवा एखाद्या जागचे साफ जाणे. मराठवाड्यात हे सांगायला तीन शब्दप्रयोग आहेत: केस ‘गळतात’, टक्कल ‘पडते’ आणि चाई ‘लागते’. चाईला कुठे उंदरी म्हणतात. बोलीतली ही विभागणी त्वचारोगशास्त्राशी बरीच जुळते, आयुर्वेदात वाग्भटानेही खालित्य (टक्कल) आणि इंद्रलुप्त (चाई) वेगळे मानले आहेत. तिघांची कारणे निराळी आणि उपायही निराळे. एकाच तेलाच्या बाटलीने तिन्ही बरे होतील असे कुणी सांगत असेल, तर ते खोटे आहे.

डोक्यावर साधारण १ लाख केस असतात. प्रत्येक केस २ ते ६ वर्षे, महिन्याला सुमारे १ सेंटिमीटर वाढतो. पुढचे दोन-तीन आठवडे वाढ थांबत जाते, मग केस सुमारे तीन महिने नुसताच मुळात बसून राहतो आणि गळतो. रोज ५० ते १०० केस जाणे हा याच चक्राचा भाग आहे. न्हाण्याच्या दिवशी ते जास्त दिसतात. खेड्यातल्या बायका विंचरून निघालेले गुंतवळ भिंतीच्या कोनाड्यात किंवा पिशवीत साठवतात, केसांवर भांडी देणारा आला की त्याला देतात. त्यामुळे गळती वाढल्याचे त्यांना चटकन कळते. गुंतवळ मुठीत मावेनासे झाले, ही त्यांची मोजणी विश्वासार्ह आहे.

फसगत होते ती त्या तीन महिन्यांमुळे. टायफॉइड, डेंगू, चिकुनगुन्या, बाळंतपण, मोठे ऑपरेशन, एकाएकी खाणे तोडणे यांपैकी काहीही झाले की पुष्कळ केस एकदम विश्रांतीत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकदम गळतात. श्रावणात ताप येऊन गेलेल्या बाईचे केस दिवाळीच्या सुमारास हातात येतात. तोवर ताप विसरलेला असतो आणि दोष येतो नव्या शाम्पूवर नाहीतर बोअरच्या पाण्यावर. ही गळती बहुतेकांची सहा महिन्यांत आपोआप ओसरते. मग त्या वेळी जे तेल लावणे चालू असेल, त्याला श्रेय मिळते. माका-जास्वंदाच्या तेलाची कितीतरी कीर्ती अशीच तयार झाली आहे. तेलाने केस मऊ राहतात, गुंता कमी होतो. तेवढ्यासाठी ते जरूर लावावे.

पाण्याबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे. बोअरच्या जड, क्षारयुक्त पाण्याने साबणाला फेस येत नाही, केस राठ होऊन मधेच तुटतात. पण पाण्यामुळे केस मुळापासून गळतात हे सिद्ध झालेले नाही. पडलेला केस उजेडात धरून पाहावा. टोकाला पांढरा ठिपका असेल तर तो मुळातून आलेला, नसेल तर तुटलेला. जानेवारी २०२५ मध्ये जालन्याला लागून असलेल्या बुलढाणा जिल्ह्यात, शेगाव तालुक्यातल्या गावांत लोकांचे केस तीन-चार दिवसांत झडले, तेव्हाही पहिला संशय पाण्यावरच गेला. पुढे रुग्णांच्या रक्तात आणि केसांत सेलेनियम हे मूलद्रव्य जास्त आढळले. मूळचे जालना जिल्ह्यातले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हाकडे बोट दाखवले. काही दिवसांत झडणारे केस आणि तीन महिन्यांनी गळणारे केस यांची कारणे एक नसतात, हे इथे उघड दिसते.

बायकांच्या गळतीत पाण्यापेक्षा रक्ताकडे आधी पाहावे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. बीड-धाराशिवकडून सहा-सहा महिने ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या जेवणाचे आणि कामाचे हाल पाहता, केसांच्या तक्रारीत हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइडची तपासणी टाळणे हा अन्याय आहे. बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्या मेडिकलवर सर्रास मिळतात, मात्र कमतरता नसेल तर त्यांचा फायदा दिसत नाही. उलट थायरॉइडच्या तपासणीचे आकडे त्यांच्यामुळे चुकू शकतात, म्हणून गोळ्या चालू असल्यास लॅबमध्ये सांगावे.

टक्कल हे आनुवंशिकतेचे आणि डीएचटी या संप्रेरकाचे काम. पुरुषांत ते कपाळाच्या कोपऱ्यांपासून आणि टाळूवरून सुरू होते, बायकांत भांग रुंद होत जातो. मिनॉक्सिडिल हे मुळात रक्तदाबाचे औषध. ते घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागले, म्हणून ते डोक्याला लावायला आले. सुरुवातीच्या आठवड्यांत गळती वाढू शकते, आणि नेमके तेव्हाच लोक ते सोडतात. परिणाम दिसायला चार ते सहा महिने लागतात आणि बंद केले की मिळालेले केस जातात. फिनास्टेराइडची गोळी पुरुषांसाठी आहे. काहींना तिने लैंगिक तक्रारी होतात, आणि गरोदर बाईने तिचा चुरा हाताळूही नये. केशरोपणात डोक्याच्या मागचे केस पुढे लावतात. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२२ च्या सूचनांनुसार ते रीतसर शस्त्रक्रियेचे शिक्षण घेतलेल्या डॉक्टरनेच करायचे असते. लग्न ठरेना म्हणून कर्ज काढून ते करायला निघालेल्या मुलांनी आधी हे विचारावे.

चाईत नाण्याएवढा गुळगुळीत चट्टा पडतो. ‘किडा केस खातो’ हा समज चुकीचा आहे. शरीराची प्रतिकारशक्तीच केसांच्या मुळांवर उलटते. चाई संसर्गजन्य नाही, आणि लहान चट्टे वर्षभरात अनेकदा आपोआप भरतात. त्यावर बिब्बा लावणे मात्र घातक. बिब्बा उतला की कातडी भाजते, व्रण राहिला तर तिथे केस कायमचे येत नाहीत. गुंजेचा लेप विषारी आहे. डॉक्टर चट्ट्यात स्टेरॉइडची इंजेक्शने देतात. बारिसिटिनिबसारख्या नव्या, महागड्या गोळ्या पसरलेल्या चाईसाठी आहेत. लहान मुलाच्या चट्ट्यावर खपली, कोंडा किंवा पू असेल तर ती चाई नसून बुरशी असण्याची शक्यता मोठी. ती कंगव्या-टोपीतून पसरते आणि नुसत्या मलमाने जात नाही, काही आठवडे गोळ्या घ्याव्या लागतात.

छत्रपती संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ, नांदेड आणि लातूर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत त्वचारोग विभाग आहेत. तिथे जाताना रक्ताचे जुने रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची पाकिटे न्यावीत, आणि गेल्या सहा महिन्यांत कोणत्या महिन्यात ताप, बाळंतपण किंवा ऑपरेशन झाले ते कागदावर लिहून न्यावे.